उत्तरेच्या वळचणीचा बर्फ

सुलो हिएतालाने गावातली निम्मी छपरं एक तर बांधली होती, नाही तर दुरुस्त केली होती. पण वळचणीला सगळ्यात जाड बर्फ धरायचा तो त्याच्याच घराच्या. लोक हसायचे. दिव्याखाली अंधार म्हणायचे. सुलो कुणाला उत्तर देत नसे.

सरोवरावरून वारा सुटला की त्यात घुसलेल्या कीवीनॉ द्वीपकल्पाच्या त्या टोकाला चार दिवसांत पुरुषभर बर्फ पडतो. त्याचं तिथे कुणाला काही वाटत नाही. नुसता पडलेला बर्फ बापडा गरीब असतो. धास्ती असते ती वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाची. सुलोच्या घराच्या उत्तर अंगाला, मागच्या लाकडांच्या खोलीवर, दर डिसेंबरात तसा बांध धरायला लागे. जानेवारीपर्यंत तो गुडघ्याएवढा जाड होई, त्याला मांडीएवढे सुळके लोंबत, आणि बांधामागे तुंबलेलं पाणी छपराच्या पट्ट्यांखालून उलटं शिरून भिंतीत उतरे. मग सुलो शिडी लावून, कुऱ्हाड घेऊन वर चढे आणि त्याची बायको लेम्पी खाली शिडी धरून उभी राही. तीस-पस्तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

यंदा सुलोला शहात्तरावं लागलं होतं आणि लेम्पीला त्र्याहत्तरावं.

"कुणाला तरी बोलाव," लेम्पी म्हणाली.

"कुणाला? या गावात बर्फ फोडणारा मीच आहे."

"या गावातला सगळ्यात हट्टी म्हाताराही तूच आहेस."

"शिडी धर. तोंड नको चालवूस, हात चालव."

सातव्या की आठव्या घावाला बर्फाचा दरवाजाएवढा तुकडा सुटला. तो खाली येताना शिडीचं टोक घेऊन आला. सुलो पडला मऊ बर्फात, पण डाव्या पायावर तो तुकडा बसला. लेम्पी धावत गेली तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्याने पहिलं विचारलं, "कुऱ्हाड कुठाय?"

पाय दोन ठिकाणी मोडला होता. प्लास्टर घालून आठ दिवसांनी त्याला घरी आणलं आणि पुढच्या खोलीत कोचावर ठेवलं. वळचणीचा बांध मात्र जिथल्या तिथे होता. अर्धाच फुटलेला. स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाणी ठिबकायला लागलं. लेम्पीने आधी पातेलं ठेवलं, मग बादली, आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला न विचारता कोरीन बोद्रीला फोन केला.

कोरीन पन्नाशीची, धिप्पाड, मोठ्याने बोलणारी बाई. जुन्या घरांच्या माळ्यांवर ऊब धरून ठेवणारा भुगा भरायचा, फटी बुजवायच्या, हा तिचा धंदा. सुलो तिला 'उशा भरणारी' म्हणायचा. ती आली आणि तिने गाडीतून शिडी काढलीच नाही. रस्त्याच्या पलीकडे जाऊन, कमरेवर हात ठेवून, नुसती छपराकडे बघत उभी राहिली. लेम्पीही तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. या घरात आल्यापासून तिने आपलं छप्पर असं लांबून, सावकाश कधी बघितलं नव्हतं.

"काय दिसतं तुम्हाला, मिसेस हिएताला?"

"बर्फ."

"सगळीकडे सारखा?"

सारखा नव्हता. सगळ्या छपरावर मांडीभर बर्फ होता आणि लाकडांच्या खोलीच्या वर, आढ्याच्या थोडं खाली, खड्डा पडला होता. तिथे छपराच्या काळ्या पट्ट्या उघड्या दिसत होत्या.

"वारा नेत असेल," लेम्पी म्हणाली.

"वारा चौकोन कापून नेत नाही." कोरीनने हातमोज्याच्या पाठीने नाक पुसलं. "खालून ऊब चाललीय तिथे. चांगली भरपूर. तिच्यामुळे वरचा बर्फ वितळतो, पाणी खाली घरंगळतं. वळचण भिंतीच्या बाहेर असते ना, तिला खालून ऊब नाही. तिथे आलं की पाणी थिजतं. तुम्ही फोडता, ते पुन्हा थिजतं. शंभर वर्षं कुऱ्हाड चालवा. पट्ट्या तेवढ्या फुटतील."

"सुलोला हे ठाऊक नसेल?"

कोरीनने तिच्याकडे पाहिलं. "त्यांना ठाऊक नसेल तर कुणाला असणार?"

मग तिने लेम्पीकडे पायातले जुने लांब मोजे मागितले. त्यांत रस्त्यावर टाकतात ते बर्फ वितळवायचे खडे ठासून भरले, तोंडं बांधली आणि लांब दांड्याच्या दाताळ्याने ते मोजे बांधावर आडवे सरकवून दिले, खालचं टोक वळचणीबाहेर लोंबेल असे. संध्याकाळपर्यंत मोज्यांच्या खाली बर्फात चर पडले, तुंबलेलं पाणी बाहेर वाहून गेलं आणि भिंतीतलं ठिबकणं थांबलं.

"म्हणजे माझ्या वळचणीला बायकोचे मोजे लोंबतायत," सुलो कोचावरून म्हणाला. "गाव काय म्हणेल?"

"म्हणेल, म्हातारीचे पाय अजून शाबूत आहेत," लेम्पी म्हणाली. कोरीन खो खो हसली.

"हे तात्पुरतं झालं," ती हसू आवरून म्हणाली. "आता माळा बघायला हवा."

"माळ्यावर कुणी जायचं नाही."

सुलो इतक्या जोरात बोलला, की दोघींनी वळून पाहिलं. मग त्याने आवाज खाली आणला. "फळ्या कुजल्यात वरच्या. कुणी पडलं तर माझ्या गळ्याशी येईल."

"घर तुमचं आहे," कोरीन म्हणाली. "मी गुरुवारी या बाजूला आहेच. ठरवा आणि सांगा."

संसाराला पन्नास वर्षं झाली की नवऱ्याचा कुठला आवाज कशासाठी, हे बाईला कळतं. हा आवाज कुजलेल्या फळ्यांचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गोळी घेऊन सुलोला डोळा लागल्यावर, ती लाकडांच्या खोलीत गेली. ही खोली सुलोची. भट्टी इथे, सरपण इथे, हत्यारं इथे, त्याची खुर्चीही इथेच. लेम्पी एरवी इथे यायची ती उंबऱ्यापर्यंत, लाकडं मागायला; छताकडे तिने कधी मान वर करून बघितलं नव्हतं. कोपऱ्यात माळ्यावर जायची उभी शिडी होती. तिने एप्रन कमरेशी खोचला, टॉर्च गळ्यात अडकवला आणि एकेक पायरी दोन्ही पावलं ठेवत वर चढली.

फळ्या कुजल्या नव्हत्या. माळा थंड होता. छपरातून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर हिमाचे पांढरे काटे फुलले होते, रांगाच्या रांगा. जमिनीवर जुना लाकडी भुसा पसरलेला. वाकून चालताना एका बुटक्या तुळईवर टॉर्चचा उजेड पडला. तिथे सुलोच्या अक्षरात, सुताराच्या जाड पेन्सिलीने, घरच्या फिनिश भाषेत लिहिलं होतं: डोकं सांभाळ.

तिने डोकं सांभाळलं. पलीकडे पाऊल टाकलं आणि तिच्या पोटऱ्यांना ऊब लागली.

तिथला भुसा नीट बाजूला सारलेला होता. खिळ्यांवर हिम नव्हतं. वासे ओले, काळे पडले होते. मध्ये जमिनीत लोखंडी जाळी बसवली होती, जुन्या शाळांमध्ये ऊब वर यावी म्हणून असायची तसली, हातभर लांब, हातभर रुंद. तिच्यातून भट्टीची ऊब भसाभस वर येत होती. जाळीशेजारी त्यांच्या पहिल्या मोटारीची मागची सीट. सीटवर चौकडीचं पांघरूण, घडी घातलेलं. एक लाकडी खोकं. आणि वाशांवर, हात पोचेल तिथपर्यंत, पेन्सिलीने लिहिलेल्या याद्या. एक ते वीस आकडे, पुढे गाण्यांची नावं, वर तारीख. दर आठवड्याची वेगळी यादी. अक्षर सायमीचं, त्यांच्या मुलीचं. सायमी आता अठ्ठेचाळीस वर्षांची होती, डुलुथला शाळेत शिकवायची, नाताळला आणि वाढदिवसाला फोन करायची.

लेम्पी सीटवर बसली. तिला एकदम प्लास्टिक जळल्याचा वास आठवला.

सायमी चौदा वर्षांची असताना तिच्या दप्तरात रेडिओ सापडला होता. लेम्पीचे वडील प्रवचनकार, त्यांच्या चर्चची मंडळी कडक. घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही, गाणी म्हणजे स्तोत्रं. लेम्पीने तो रेडिओ उचलून भट्टीत टाकला. सायमी रडली नाही. सुलोही बोलला नाही. पंधरा दिवसांनी त्याने माळ्यावर ठोकाठोक सुरू केली. "वर काय चाललंय?" तिने विचारलं होतं. "वारा शिरतोय," तो म्हणाला होता.

खोक्याच्या कडेला एक दोरी बांधलेली दिसली. दोरीला पत्र्याचा चमचा लोंबकळत होता. दोरी जाळीतून खाली गेली होती. लेम्पीने गुडघे टेकून जाळीतून पाहिलं. खाली बरोबर सुलोची खुर्ची दिसत होती आणि खुर्चीसमोर स्वयंपाकघराचं दार. दोरीचं खालचं टोक खुर्चीच्या डोक्याशी, खिळ्याला गुंडाळलेलं.

तिने वरून दोरीला झटका दिला. चमचा खोक्यावर आपटला. टण्.

तेव्हा तिला सगळं उमगलं. सायमी इथे बसून दुसऱ्या रेडिओवर आठवड्याच्या वीस गाण्यांची क्रमवारी ऐकायची, लिहून घ्यायची. दर गुरुवारी चर्चच्या बायकांच्या शिवणाच्या बैठकीला ती जायची. परत आली, की सुलो याच खोलीच्या दारात उभा असायचा, बूट आपटत, मोठ्याने विचारायचा, "आलीस का गं? गार आहे ना बाहेर?" आणि क्षणभराने आतून सायमी यायची, हातात सरपणाचा भारा, गाल लाल झालेले. केवढी कामाची पोर, असं लेम्पीला वाटायचं. शिवणाच्या बैठकीत तिने हे चार वेळा तरी सांगितलं होतं. बायका माना डोलवायच्या.

आधी तिला राग आला. दोघांनी मिळून आपल्याला वेड्यात काढलं. मग ती तशीच बसून राहिली आणि राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. नवऱ्याने मुलीसाठी घराला भोक पाडलं होतं, दोरी बांधली होती, चमचा टांगला होता. आणि एवढा सगळा खटाटोप एका माणसापासून वाचायला. लांडग्यापासून नाही, चोरापासून नाही. तिच्यापासून.

ती खाली उतरली तेव्हा सुलो जागा होता. तिच्या एप्रनला भुसा चिकटलेला त्याने पाहिला आणि छताकडे नजर वळवली.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"चार. ती गेली तोवर."

"आणि ती गेल्यावर? जाळी का नाही बुजवलीस?"

"पहिल्या वर्षी वाटलं, सुट्टीत येईल." सुलोने पांघरूण ओढून घेतलं. "मग राहून गेलं. वर गेलो असतो तर तू विचारलं असतंस, काय करतोस."

"बर्फ त्याच्यामुळे धरतो हे तुला माहीत होतं?"

"मी सुतार आहे, लेम्पी."

"म्हणजे तीस वर्षं तू दर हिवाळ्यात वर चढून मान मोडायची पाळी आणलीस. त्यापेक्षा एकदा, एकदा मला सांगायला काय झालं होतं?"

सुलोने विचार केला. खरंच विचार केला. तिला ते दिसलं.

"कुऱ्हाड सोपी होती," तो म्हणाला.

लेम्पी स्वयंपाकघरात गेली. तिने कॉफी ठेवली, वेलदोड्याचा पाव कापला, त्याच्यासमोर बशी आदळली, आणि स्वतःची कॉफी तशीच गार होऊ दिली. मग भिंतीवरचा फोन उचलला. बुधवार होता. ना नाताळ, ना वाढदिवस. डुलुथच्या शाळेत मधली सुट्टी व्हायची ती वेळ.

"आई? बाबांना काही झालं का?" सायमीचा आवाज धास्तावलेला.

"बाबा पाव खातायत." लेम्पीने भिंतीकडे तोंड केलं. "मी माळ्यावर गेले होते."

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. मग दार लावल्याचा आवाज आला आणि गलका थांबला.

"जाळी आहे अजून?" सायमीने विचारलं.

"आहे. तिच्यामुळेच वळचणीला बर्फ धरतो. उद्या बुजवणार."

"बुजव." मग ती म्हणाली, "रागावलीस?"

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई हे विचारत होती. लेम्पीने माळ्यावरून खाली येताना एक-दोन वाक्यं मनाशी जुळवली होती. त्यांतलं एकही तोंडातून येईना. ती म्हणाली, "वर थंडी वाजायची का तुला?"

"पाय गार पडायचे. जाळी केल्यावर नाही."

"मला सांगितलं असतंस तर..."

"तर काय केलं असतंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. लेम्पीने भिंतीवरचा पाण्याचा डाग बोटाने चाचपला. "बुजवली असती. तेव्हा मी बुजवलीच असती."

"माहीत आहे."

"तो रेडिओ मी जाळायला नको होता, सायमी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सायमी म्हणाली, "तो पेटतच नव्हता नीट. दोनदा भट्टी उघडावी लागली तुला." आणि तिने नाक ओढलं. ती हसली की रडली ते लेम्पीला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

गुरुवारी कोरीन आली, पाइप आणि भुग्याची गाडी घेऊन. लेम्पी तिच्यामागोमाग वर चढली. "तुम्ही खाली थांबा," असं कोरीनने दोनदा सांगून पाहिलं आणि मग तिच्या हातात फटी बुजवायच्या फेसाची बंदूक दिली. जाळी उचकटून लेम्पीने स्वतः तिथे फळी बसवली, चारी बाजूंनी फेस भरला. धुरांड्याभोवतीची फट कोरीनने पत्र्याने बंद केली. मग दोघींनी वळचणीच्या कोपऱ्यांत साठलेला जुना भुसा उपसला.

"इथून गार हवा आत यायला हवी आणि आढ्याखालून बाहेर जायला हवी," कोरीन म्हणाली. "माळा अंगणासारखा गार पाहिजे. लोक बरोबर उलटं करतात, हे कोपरे ठासून भरतात."

"आणि वाशांवरचं ते लिखाण?"

"भुगा जमिनीवर बसतो. वाशांना आपण हात लावत नाही." कोरीनने टॉर्च याद्यांवर फिरवला, एका यादीपाशी थांबली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणली. "हे गाणं तेव्हा तिसऱ्या नंबरवर होतं? मला वाटायचं पहिल्या."

लेम्पीला ते गाणं माहीत नव्हतं. त्यांतलं एकही माहीत नव्हतं. "पुन्हा म्हण," ती म्हणाली. कोरीनने म्हटलं. आवाज भसाडा होता. लेम्पीने फेसाने बरबटलेले हात मांडीवर ठेवून ते शेवटपर्यंत ऐकलं. गाण्यात काही वाईट नव्हतं. फार चांगलंही काही नव्हतं. एक मुलगी बसची वाट बघते, एवढंच.

फेब्रुवारीत मोठं वादळ आलं आणि तीन दिवस राहिलं. ते सरल्यावर सुलोने कुबड्या घेतल्या आणि तो, मागच्या खोलीचं छप्पर दिसायचं त्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. छपरावर बर्फ सगळीकडे सारखा बसला होता. उत्तरेच्या वळचणीला बोटाएवढे चार सुळके, बाकी काही नाही.

"बरं दिसतं का?" लेम्पीने विचारलं.

"मला करायला काही उरलं नाही," तो कुरकुरला. मग म्हणाला, "कडेचा दोन हात तरी ओढून काढ. ढीग नको राहायला. जमिनीवरूनच. शिडीला हात लावलास तर बघ."

"तू मला शिडीबद्दल सांगणार?"

ती कोट चढवून, लांब दांड्याचं दाताळं घेऊन निघालीच होती, तेवढ्यात फोन वाजला. सायमी होती. महिन्यातला हा तिसरा फोन. मार्चच्या सुट्टीत येईन म्हणाली, रस्ते मोकळे असले तर. मग जरा अडखळून म्हणाली, "बाबा आहेत जवळ?"

"आहेत की. बोल," लेम्पी म्हणाली. तिने फोन सुलोच्या हातात दिला, त्याच्या मागे खुर्ची सरकवली आणि ती बाहेर पडली.

थंडी कोरडी होती. तिने दाताळं वर टेकवून खाली ओढलं. बर्फाचा पट्टा धप्प करून पायाशी पडला. आतून सुलोचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग तो हसला. मोठ्याने, खोकला येईपर्यंत. असा हसलेला तिने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. कड साफ झाली होती. तरी आत न जाता ती घराला वळसा घालून पूर्वेच्या बाजूला गेली आणि तिथला बर्फ ओढायला लागली.